विमानं भरली, शेअर बुडाला: फास्टजेटच्या छोट्या गुंतवणूकदारांचा इतिहास

संशोधनाचा प्रश्न कसा घडतो यावर आपण इथे बऱ्याचदा बोलतो. पण नुसतं ‘प्रश्न नेमका हवा’ असं म्हणून काही हाती लागत नाही. म्हणून आज एक खरं उदाहरण घेऊन बसूया. उदाहरण आहे आफ्रिकेतल्या एका स्वस्त विमानकंपनीचं, फास्टजेटचं. तिचे शेअर लंडनच्या बाजारात होते आणि ते घेणाऱ्यांमध्ये ब्रिटनमधले छोटे गुंतवणूकदार मोठ्या संख्येने होते. आठ वर्षांत त्या शेअरचं जवळपास काहीच उरलं नाही.

यावर पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते: ‘लोकांना हाव सुटली, बुडाले.’ वर्तमानपत्रातल्या चौकटीला हे वाक्य चालतं, पण संशोधनात त्याचा उपयोग नाही. कारण ते कुठल्याही काळातल्या कुठल्याही बुडालेल्या माणसाला लावता येतं. सगळीकडे लागू पडणारं उत्तर कशाचंच उत्तर नसतं. आपला प्रश्न वेगळा असायला हवा. त्या वेळी, हातात असलेल्या माहितीवर, त्या लोकांना हा सौदा शहाणपणाचा का वाटला? आणि त्यांचं नेमकं कुठे चुकलं?

आधी घटना तारखेने लावून घेऊ

लंडन स्टॉक एक्स्चेंजने 19 जून 1995 रोजी एआयएम नावाचा बाजार सुरू केला. लहान आणि नव्या कंपन्यांसाठी असलेल्या या बाजाराचे नियम मुख्य बाजारापेक्षा सैल आहेत. कंपनीवर ‘नोमॅड’ म्हणजे नेमलेला सल्लागार लक्ष ठेवतो. खाणी, तेलाचे शोध, नवी तंत्रज्ञानं अशा ‘लागलं तर लागलं’ प्रकारच्या कंपन्या इथे भरपूर. रुबिकॉन डायव्हर्सिफाइड इन्व्हेस्टमेंट्स ही अशीच एक कंपनी.

दुसरीकडे लॉनऱ्हो. 1909 मध्ये ऱ्होडेशियातल्या खाणी आणि जमिनींसाठी लंडनमध्ये स्थापन झालेली ही जुनी कंपनी. तिच्याकडे फ्लाय540 नावाचा आफ्रिकेतला विमानव्यवसाय होता. 2012 च्या मध्यावर रुबिकॉनने हा व्यवसाय घेतला आणि मोबदला रोख न देता शेअरच्या रूपात दिला. त्यामुळे लॉनऱ्होच रुबिकॉनची सर्वात मोठी भागधारक झाली. त्याच सुमाराला ईझीजेटचे संस्थापक स्टेलिओस हाजी-इओआनू यांच्या ईझीग्रुपशी करार झाला. फास्टजेट हे नाव वापरण्याच्या बदल्यात त्यांना 5 टक्के हिस्सा मिळाला. ऑगस्ट 2012 मध्ये कंपनीचं नावच फास्टजेट झालं. मुख्य अधिकारी होते एड विंटर, ईझीजेटमध्ये वरच्या पदावर काम केलेले.

29 नोव्हेंबर 2012 रोजी दार-एस-सलामहून म्वांझा आणि किलिमांजारोसाठी पहिली उड्डाणं झाली. विमानं एअरबस ए319. सर्वात कमी भाडं सुमारे 20 डॉलर, कर वेगळे.

आता नकाशा उघडा. म्वांझा व्हिक्टोरिया सरोवराच्या काठावर आहे आणि दार-एस-सलाम हिंदी महासागराच्या. रस्त्याने अंतर हजार किलोमीटरहून जास्त. जर्मनांनी सुरू केलेल्या आणि नंतर ब्रिटिशांनी म्वांझापर्यंत नेलेल्या रेल्वेने जायचं म्हटलं तर प्रवास दिवसांत मोजायचा. 2012 च्या जनगणनेत टांझानियाची लोकसंख्या सुमारे 4 कोटी 49 लाख भरली होती. इतका मोठा देश, इतकी माणसं, रस्ते-रेल्वेची ही अवस्था आणि 20 डॉलरचं तिकीट! लंडनच्या बाहेर कुठल्याशा गावात राहणाऱ्या, थोडीफार बचत असलेल्या माणसाने हे वाचलं, तर त्याच्या मनात काय आलं असेल?

‘ईझीजेट हुकलं, हे हुकायला नको’

त्याच्या मनात जे आलं असेल त्याला आधार होता. ईझीजेटचं पहिलं विमान नोव्हेंबर 1995 मध्ये उडालं. पाच वर्षांनी, नोव्हेंबर 2000 मध्ये, कंपनी 310 पेनी भावाने शेअर बाजारात आली आणि पुढे युरोपातल्या मोठ्या विमानकंपन्यांत गणली गेली. ‘युरोपातले लोक स्वस्त तिकिटावर उडायला लागले, आता आफ्रिका’ ही तुलना ब्रिटिश गुंतवणूकदाराला पटकन कळणारी होती. माणसंही तीच होती, स्टेलिओस आणि विंटर.

याशिवाय तीन गोष्टी आजूबाजूला घडत होत्या आणि इतिहास लिहिताना त्या सोडून चालत नाही.

एक म्हणजे व्याज. बँक ऑफ इंग्लंडचा मूळ दर मार्च 2009 पासून 0.5 टक्क्यावर होता आणि ऑगस्ट 2016 पर्यंत तिथेच राहिला, नंतर आणखी उतरला. बचत बँकेत ठेवून वाढत नव्हती.

दुसरं, 5 ऑगस्ट 2013 पासून एआयएमवरचे शेअर ‘आयसा’ या करमुक्त बचत खात्यात ठेवायला परवानगी मिळाली. आपल्याकडे करबचतीच्या योजनांना जसा मान असतो, तसा तिथे आयसाला आहे. सरकारने परवानगी दिली म्हणजे शेअर सुरक्षित झाला असा त्याचा अर्थ नव्हता, पण दार मात्र उघडलं.

तिसरं, 28 एप्रिल 2014 पासून एआयएमच्या शेअर खरेदीवरची अर्धा टक्का स्टॅम्प ड्यूटी गेली. वारंवार घेणाऱ्या-विकणाऱ्याला हे सोयीचं.

म्हणजे ‘हाव’ जरी होती असं धरलं, तरी ती हवेत तयार झाली नव्हती. तिला व्याजदराची पार्श्वभूमी होती, कराचं धोरण होतं आणि डोळ्यांसमोर एक यशस्वी उदाहरण होतं. आपल्या कामात कुणाच्या स्वभावावर बोट ठेवण्याआधी त्याच्याभोवतीचे नियम वाचायचे, ते यासाठी.

व्यवसाय आणि शेअर यांतला फरक

इथे सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा येतो. विमानकंपनीचा धंदा आणि विमानकंपनीचा शेअर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीबद्दल छोट्या गुंतवणूकदारांचा अंदाज बराचसा बरोबर होता. लोक खरोखर विमानात बसले, त्यांतले बरेच तर आयुष्यात पहिल्यांदाच. मागणी होती. प्रश्न दुसऱ्या गोष्टीचा होता.

साधं गणित करूया. समजा एका कंपनीचे 100 शेअर आहेत आणि तिची एकूण किंमत 1000 रुपये. एक शेअर 10 रुपयांचा. तुमच्याकडे 10 शेअर, म्हणजे 100 रुपये, म्हणजे कंपनीचा दहावा हिस्सा. आता कंपनीकडे पैसे संपत आले. तिने आणखी 100 शेअर काढले आणि 5 रुपये भावाने दुसऱ्याच कुणाला विकले. आले 500 रुपये. कंपनीची किंमत झाली 1500 आणि शेअर झाले 200. म्हणजे एक शेअर साडेसात रुपयांचा. तुमचे 100 रुपये 75 झाले. तुम्ही काही केलं नाही, कंपनीने चोरी केली नाही, उलट कंपनी ‘मोठी’ झाली. पण तुमचा हिस्सा दहाव्यावरून विसाव्यावर आला.

पुढचं पाऊल बघा. ते 500 रुपये विमानाचं भाडं, इंधन आणि पगार यांत खर्च झाले, तिकिटांतून भरून आले नाहीत. आता 1000 रुपयांची कंपनी आणि 200 शेअर. एक शेअर 5 रुपयांचा. तुम्हाला पुन्हा 10 रुपये बघायचे असतील तर कंपनीची किंमत दुप्पट, 2000 रुपये व्हायला हवी. आणि तेवढ्यात पुन्हा पैसे संपतात.

याला बाजारात ‘डायल्युशन’ म्हणतात. आपण म्हणू, हिस्सा पातळ होणं. ताकात पाणी घालत गेलं की ताक वाढलेलं दिसतं, तसं. फास्टजेटमध्ये हेच पुन्हा पुन्हा झालं. धंदा उभा करायला पैसा लागे, तो नवे शेअर विकून येई, तो खर्च होई आणि पुन्हा नवे शेअर निघत. एप्रिल 2015 मध्ये कंपनीने 1 पेनी भावाने शेअर विकून 5 कोटी पौंड उभे केले. भावाच्या मानाने रक्कम मोठी, म्हणजे शेअरची संख्या किती ते तुम्हीच काढा. 5 कोटी पौंड भागिले 1 पेनी, म्हणजे 500 कोटी शेअर.

आपल्याकडे ‘राइट्स इश्यू’ माहीत असतो. त्यात जुन्या भागधारकाला त्याच्या प्रमाणात नवे शेअर घ्यायची संधी मिळते. ब्रिटनच्या कायद्यातही जुन्या भागधारकाचा हा हक्क आहे, पण सभेत 75 टक्के मतांनी तो बाजूला ठेवता येतो. मग ‘प्लेसिंग’ होतं, म्हणजे नवे शेअर मुख्यतः संस्थांना थेट विकले जातात. घरी बसलेल्या छोट्या भागधारकाला बातमी कळते ती सकाळी सातला, अधिकृत घोषणा निघाल्यावर. तोपर्यंत त्याचा हिस्सा किती पातळ होणार, हे ठरून गेलेलं असतं.

एक पेनीची जादू

मग लोक का थांबले नाहीत? उलट अनेकदा भाव पडल्यावर आणखी घेतात. ‘ॲव्हरेज करणं’ हा शब्द आपल्याकडच्या शेअरवाल्यांच्या तोंडीही असतो. 2 पेनीला 10,000 शेअर घेतले, भाव 1 पेनी झाला, आणखी 10,000 घेतले. आता सरासरी दीड पेनी. मनाला बरं वाटतं, कारण ‘ब्रेक-इव्हन’ जवळ आला. पण गुंतलेली रक्कम 200 पौंडांवरून 300 पौंड झाली, हे मागे राहतं.

शिवाय एक पेनीचा शेअर ‘स्वस्त’ वाटतो. 1 चे 2 व्हायला काय लागतं? लागतं ते असं: संपूर्ण कंपनीची किंमत दुप्पट व्हावी लागते. शेअर 1 पेनीचा असो की 100 पौंडांचा, दुप्पट म्हणजे दुप्पटच. पण डोळा भावाकडे जातो, शेअरच्या संख्येकडे जात नाही. खरेदी-विक्रीच्या भावातलं अंतरही इथे चावतं. समजा विकायला 0.95 आणि घ्यायला 1.05 पेनी, तर घेतल्या क्षणी साधारण साडेनऊ टक्के गेलेले असतात.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की या गुंतवणूकदारांची चूक भूगोलाची नव्हती आणि समाजशास्त्राचीही नव्हती. टांझानियातल्या प्रवाशाबद्दल त्यांचा अंदाज ठीक होता. चूक भागाकारातली होती. अंशात काय वाढतंय ते त्यांनी बघितलं, छेदात काय वाढतंय ते बघितलं नाही.

आकाश एकसंध नव्हतं

आता दुसरी बाजूही तपासू, नाहीतर आपण सगळं खापर शेअरच्या संख्येवर फोडू. पैसे परत परत का संपत होते?

स्वस्त विमानसेवेचं गणित प्रमाणावर चालतं. एकाच प्रकारची पुष्कळ विमानं, दिवसभर उडती ठेवलेली, पुष्कळ मार्गांवर. युरोपात हे जमलं कारण 1990 च्या दशकात युरोपीय संघाने आकाश खुलं केलं. एका देशाची कंपनी दुसऱ्या देशांत मोकळेपणी उडू शकत होती. आफ्रिकेतही 1999 मध्ये यामुसुक्रो निर्णयाने हेच ठरलं होतं. पण ठरणं वेगळं आणि होणं वेगळं. आफ्रिकी संघाला 2018 च्या जानेवारीत एकसंध हवाई बाजाराची घोषणा पुन्हा नव्याने करावी लागली, यावरून काय ते समजा.

फास्टजेटला प्रत्येक देशात वेगळा परवाना, वेगळी स्थानिक भागीदारी, वेगळी वाट बघणं आलं. दार-एस-सलाम ते जोहान्सबर्ग हा पहिला आंतरराष्ट्रीय मार्ग ऑक्टोबर 2013 मध्ये सुरू झाला. शेजारच्याच केनियात, नैरोबीला जायला जानेवारी 2016 उजाडावं लागलं. दक्षिण आफ्रिकेत 1टाइम ही बुडालेली स्वस्त विमानकंपनी घेण्याचा प्रयत्न झाला, तो फसला. घाना आणि अँगोलातला जुना फ्लाय540 चा व्यवसाय 2014 मध्ये थांबला. झिंबाब्वेत उड्डाणं ऑक्टोबर 2015 मध्ये सुरू झाली.

त्यात चलनाचा ताप. इंधन आणि विमानांचं भाडं डॉलरमध्ये, तिकिटांचे पैसे शिलिंगमध्ये. 2015 मध्ये टांझानियाचं शिलिंग डॉलरसमोर बरंच घसरलं. झिंबाब्वेत तर डॉलरचाच तुटवडा होता. तिथे कमावलेला पैसा देशाबाहेर काढणं अवघड झालं.

2016 मध्ये स्टेलिओस यांनी विंटर यांना हटवण्याची मागणी जाहीरपणे केली. लंडनजवळच्या गॅटविकमध्ये आफ्रिकी कंपनीचं महागडं मुख्यालय कशाला, हा त्यांचा एक आक्षेप. विंटर गेले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये निको बेझुडेनहौट आले आणि मुख्यालय जोहान्सबर्गला हललं. दीडशेच्या आसपास आसनांच्या ए319 च्या जागी लहान एम्ब्राएर विमानं आली. 2017 च्या सुरुवातीला सोलेंटा एव्हिएशन मोठी भागधारक झाली. इकडे टांझानियात राष्ट्राध्यक्ष जॉन मागुफुली यांच्या सरकारने 2016 पासून सरकारी एअर टांझानियाला नवी विमानं घेऊन दिली. स्पर्धक आता सरकार होतं. जून 2018 मध्ये फास्टजेटने पैसे संपत आल्याचा इशारा दिला, वर्षाअखेरीस टांझानियातली सेवा बंद पडली आणि ऑगस्ट 2020 मध्ये कंपनीचे शेअर एआयएमवरून उतरले.

गंमत म्हणजे फास्टजेट हे नाव झिंबाब्वेत पुढेही उडत राहिलं. विमान राहिलं, भागधारक राहिले नाहीत. 1840 च्या दशकातल्या ब्रिटनच्या रेल्वे-वेडाबद्दल वाचलं असेल तर हे ओळखीचं वाटेल. तिथेही पुष्कळ छोट्या भागधारकांचे पैसे गेले आणि रूळ मात्र राहिले.

आणि ‘आफ्रिकेत स्वस्त विमानं चालतच नाहीत’ असा निष्कर्ष काढू नका. दक्षिण आफ्रिकेत फ्लायसफेर 2014 पासून उडते आहे आणि टिकली आहे. तिला एका देशाची मोठी अंतर्गत बाजारपेठ आहे. निष्कर्षाला एक विरोधी उदाहरण शोधायचं आणि मगच तो लिहायचा, ही सवय आत्तापासून लावून घ्या.

पैसे गेले, पण कुठे?

‘बुडाले’ हा शब्द फसवा आहे. पैसा पाण्यात विरघळत नाही, कुणाच्या तरी हातात जातो. काही विमानं भाड्याने देणाऱ्यांकडे गेला, काही इंधनवाल्यांकडे, काही विमानतळ-शुल्कात, काही पगारांत. आणि एक भाग प्रवाशांकडे गेला. म्वांझाच्या तिकिटाचा खर्च तिकिटातून निघत नव्हता, तेव्हा उरलेली रक्कम भागधारक भरत होते. म्हणजे ब्रिटनमधल्या बचतीतून टांझानियातल्या प्रवासाला एक प्रकारची सवलतच मिळत होती. कुणी ठरवून दिलेली नाही, तरी सवलत.

याची दुसरी बाजू दार-एस-सलामच्या शेअर बाजारात आहे. टांझानियाची प्रिसिजन एअर 2011 च्या अखेरीला तिथे नोंदवली गेली. जनतेला 475 शिलिंग भावाने शेअर देऊ केले होते, प्रतिसाद अपेक्षेहून कमी आला. म्हणजे टांझानियातही विमानकंपनीचे छोटे भागधारक होते. वर्षभरात लंडनच्या पैशावर उडणारी स्वस्त विमानं त्यांच्यासमोर उभी राहिली. मार्च 2013 ला संपलेल्या वर्षात प्रिसिजनला मोठा तोटा झाला. त्याची कारणं अनेक होती, पण एका देशातल्या छोट्या भागधारकांचा पैसा दुसऱ्या देशातल्या छोट्या भागधारकांच्या कंपनीशी लढत होता, हे चित्र विसरता येत नाही. फक्त लंडनकडून लिहिलेल्या इतिहासात ते दिसणारच नाही.

आलेखाची फसवणूक

मी मूळची संख्याशास्त्राची. त्यामुळे हा भाग मला जिव्हाळ्याचा आहे. एप्रिल 2015 मध्ये 1 पेनीच्या विक्रीबरोबरच कंपनीने शंभर जुन्या शेअरचा एक नवा शेअर केला. 1 पेनीचा शेअर कागदावर 100 पेनीचा झाला. भागधारकाच्या मालमत्तेत फरक शून्य.

आता समजा तुम्ही भावांची माहिती उतरवून घेतली. ती दुरुस्त केलेली नसेल, तर एका दिवसात भाव शंभरपट झालेला दिसेल, म्हणजे 9,900 टक्के परतावा! तुमचं सगळं सांख्यिकी मॉडेल त्या एका दिवसाने कोसळेल. आणि दुरुस्त केलेली असेल, तर उलटी गडबड. 2014 मध्ये एक-दोन पेनीत घेतलेला शेअर आलेखावर शे-दोनशे पेनीचा दिसेल. तो भाव त्या काळी कुणी बघितलाही नव्हता. म्हणजे ‘एक पेनीची जादू’ हीच ज्या इतिहासाची किल्ली, ती दुरुस्त आलेखातून पुसली जाते. नुकसान मोजायचं तर दुरुस्त आकडे वापरा, माणसांचं वागणं समजून घ्यायचं तर त्या दिवशी पडद्यावर दिसलेला भाव वापरा. दोन्ही तक्त्यांना वेगळी नावं द्या, म्हणजे सहा महिन्यांनी घोळ होणार नाही.

नुकसान किती? 2020 मध्ये तो नवा शेअरही एका पेनीच्या आत आला होता. म्हणजे एप्रिल 2015 मध्ये 100 जुन्या शेअरना एक पौंड मोजलेला असेल, तर त्याचा शंभरावा भागही शिल्लक नव्हता.

दुसरा सापळा, बाजारातून उतरलेल्या कंपन्या. पुष्कळ संग्रहांत फक्त आज जिवंत असलेल्या कंपन्या सहज मिळतात. त्यावरून ‘एआयएमच्या शेअरनी सरासरी किती दिलं’ हे काढलंत, तर तुम्ही परीक्षेला बसलेल्यांतून फक्त पास झालेल्यांची सरासरी काढली.

तिसरा, माणसं. ‘छोटे गुंतवणूकदार’ असं मी इतक्या वेळा लिहिलं, पण ते कागदपत्रांत दिसतात कसे? ब्रिटनमध्ये कंपनीची भागधारक-नोंदवही बघायला मागता येते. पण आज बहुतेक छोटे लोक ब्रोकरमार्फत शेअर ठेवतात आणि नोंदवहीत नाव असतं ब्रोकरच्या नॉमिनी कंपनीचं. एका ओळीमागे हजारो माणसं. 3 टक्क्यांच्या वर हिस्सा गेला तर जाहीर करावा लागतो, म्हणजे मोठा माणूस नावानिशी दिसतो. छोटा माणूस बेरजेतच राहतो. 1840 च्या दशकातल्या रेल्वे भागधारकाचं नाव, पत्ता, व्यवसाय नोंदवहीत मिळतो आणि 2014 मधल्याचा मिळत नाही, हे विचित्र आहे, पण आहे. म्हणून आजच्या काळाचा इतिहास सोपा, पुरावे भरपूर, असं समजू नका.

मग दोष कुणाचा?

हा प्रश्न चर्चासत्रात हमखास येतो. माझं उत्तर असं: बहुतेक गोष्टी उघड्यावर होत्या. प्रत्येक नवी शेअरविक्री जाहीर होत होती, वार्षिक अहवाल छापले जात होते, तोटे त्यात लिहिलेले होते. त्यामुळे ‘भोळ्या लोकांना फसवलं’ हेही वाक्य पुरावा मांडल्याशिवाय लिहिता येणार नाही. पण माहिती उघड असणं आणि ती वापरता येणं यांत अंतर असतं. प्रवासी वाढल्याची बातमी एका ओळीत कळते. हिस्सा किती पातळ झाला हे स्वतः गणित करून काढावं लागतं. आणि हक्क बाजूला ठेवणाऱ्या मतदानात छोट्याचं मत नॉमिनी खात्यातून पोचवणं हीच एक कटकट असते. लोभ, व्यवस्था आणि अंकगणित, तिघांचा वाटा आहे. तिन्हींचं प्रमाण ठरवणं हे संशोधकाचं काम.

आपल्याकडे याच धाटणीचं काम करता येईल. मुंबईहून चालणाऱ्या जेट एअरवेजची उड्डाणं 17 एप्रिल 2019 रोजी थांबली. विमानं उभी होती तरी शेअरचे सौदे पुढे वर्षानुवर्षं चालू राहिले आणि 7 नोव्हेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने कंपनी मोडीत काढण्याचा आदेश दिला. उडत नसलेल्या कंपनीचा शेअर लोक कशाच्या आशेवर घेत होते? आपल्याकडे दर तिमाहीला शेअरधारणेचा तक्ता जाहीर होतो आणि त्यात छोट्या भागधारकांचा गट वेगळा दाखवलेला असतो. लंडनमध्ये जे मिळत नाही ते इथे मिळतं. कुणाला एम.ए. किंवा एम.एस्सी.च्या प्रबंधासाठी विषय हवा असेल तर घ्या, मी अडवत नाही.

सुरुवात करायची असेल तर एक कोरी वही घ्या आणि तीन रकाने आखा: तारीख, त्या दिवशी जाहीर झालेली माहिती, त्या दिवशी एकूण शेअर किती. शेवटचा निकाल वहीत कुठेही लिहू नका. निकाल माहीत असला की प्रत्येक जुनी बातमी इशाऱ्यासारखी वाटायला लागते. तिसरा रकाना भरताना कंटाळा येईल, कारण आकडे वेगवेगळ्या घोषणांत विखुरलेले असतात. तो आधी पूर्ण करा, मग भावाचा आलेख उघडा. प्रश्न असतील तर नेहमीसारखं कळवा. पुढच्या वेळी नोंदवह्या कशा वाचायच्या यावर बोलू.